गराजमधला लाल डबा



"या वर्षी इतिहासावर काहीतरी लिही," असं संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पानिपत असणार, नाहीतर मराठ्यांचं आरमार. मी शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनियर, व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. इतिहासाचा पेपर शेवटचा दहावीला लिहिला. त्यामुळे गडकिल्ल्यांच्या वाटेला मी जात नाही. मी लिहिणार आहे ते आपल्यापैकी बहुतेकांच्या गराजमध्ये कोपऱ्यात उभ्या असलेल्या दोन वस्तूंबद्दल. एक गवत कापायचं मोअर आणि दुसरा त्यात पेट्रोल ओतायचा लाल प्लॅस्टिकचा डबा. हसू नका. या दोन वस्तूंचा इतिहास मला वेळेवर माहीत असता तर माझ्या वडिलांचा हात भाजला नसता.

आधी एक गंमत सांगतो. आपण भारतातून येतो तेव्हा आपण पेट्रोलला कधी हातच लावलेला नसतो. पंपावरचा माणूस "झीरो बघा साहेब" म्हणतो, आपण झीरो बघतो, पैसे देतो आणि निघतो. बाकीच्या अमेरिकेत गेलेले लोक निदान इथे आल्यावर नळी हातात धरायला शिकतात. मी आलो न्यू जर्सीत. इथे १९४९ च्या कायद्याने स्वतः पेट्रोल भरायलाच बंदी आहे. ओरेगॉननेही २०२३ साली आपली बंदी उठवली, त्यामुळे आता हे राज्य एकटंच उरलंय. (कायद्यात कारण सुरक्षिततेचं दिलंय. "स्वतः भरा, स्वस्तात घ्या" म्हणणाऱ्या एका पंपवाल्यामुळे बाकीच्यांचा धंदा बसायला लागला होता, अशीही हकिकत इथे सांगतात.) म्हणजे पुण्यात पंपावरचा माणूस, एडिसनलाही पंपावरचा माणूस. घर घेईपर्यंत मला पेट्रोलचा वास माहीत होता, स्वभाव माहीत नव्हता.

आईला तर इथलं 'गॅस' प्रकरण अजून झेपलेलं नाही. "गॅस आणायला तू कशाला जातोस? सिलिंडर घरपोच देत नाहीत का?" असं ती परवाही विचारत होती.

माझ्या वडिलांचं, आण्णांचं, बरोबर उलटं. त्यांचा जन्म इंजिनाशेजारी गेला. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीपासून सायकलच्या टप्प्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून त्या भागात लोखंडाची भीती कुणाला राहिली नाही असं आण्णा म्हणतात. लाइट भरवशाची नव्हती तेव्हा आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. हँडल मारून ते चालू करायचं, आणि पाणी उसाच्या शेवटच्या सरीला पोचेपर्यंत बंद करायचं नाही. डिझेल संपत आलं की टाकीच्या तोंडावर धोतराचा तुकडा गाळणी म्हणून धरायचा आणि चालू इंजिनात वरून कॅन रिता करायचा. वर्षानुवर्षं हे त्यांनी केलं आणि काही झालं नाही. होणारही नव्हतं. डिझेलची वाफ पेट घेण्याइतकी जमायला ते सुमारे ५० अंशांच्या वर तापावं लागतं. पेट्रोल मात्र उणे ४० अंशांनाही पेटण्याजोगी वाफ सोडत असतं, म्हणजे इथल्या जानेवारीतल्या बर्फातसुद्धा. दोन्ही द्रव दिसायला साधारण सारखे, एकाच पंपावर मिळतात, आणि स्वभाव अगदी वेगळे.

२०२४ च्या जुलैमध्ये आई आणि आण्णा सहा महिन्यांसाठी आले होते. रिकामं बसणं आण्णांच्या स्वभावात नाही. चौथ्याच दिवशी त्यांनी मोअरचा ताबा घेतला. "ह्ये काय खेळणं हाय व्हय?" म्हणत त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि पुढे दर शनिवारी गवत त्यांच्याकडे लागलं. त्या शनिवारी मी डेकवर एका क्लायंटच्या कॉलवर होतो. इंजिनाचा आवाज थोडा बदलला, पेट्रोल संपत आलं होतं. आण्णा गराजमधून लाल डबा घेऊन आले. इंजिन चालूच होतं. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, खिडकीतून हाक मारली, "आण्णा, थोडं गार होऊ द्या!" त्यावर ते हसून म्हणाले, "आगं, इंजान काय चा हाय का गार हुयाला?" आणि त्यांनी डबा वाकडा केला.

पुढचं सगळं मिळून दहा सेकंदांत झालं असेल. पेट्रोल टाकीच्या कडेवरून सायलेन्सरवर सांडलं. 'भक्' असा आवाज आला आणि ज्वाळा धारेवरून चढून डब्याच्या तोंडात शिरली. डब्यातून दिवाळीच्या झाडासारखी आग बाहेर आली. आण्णांनी डबा ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर फेकला, म्हणून घर वाचलं. शेजारी आपल्या गराजमधला अग्निशामक घेऊन धावत आले. आण्णांचा डावा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजला होता. तीन आठवडे पट्ट्या बदलाव्या लागल्या. (पाहुण्यांचा विमा काढताना सगळ्यात स्वस्त पर्याय निवडू नका, हेही इथेच सांगून ठेवतो.)

आण्णा सगळ्यांना एकच सांगत राहिले, "माझीच चूक. मला वाटलं डिजेलचंच इंजान." मी गप्प बसलो. गप्प बसायला कारण होतं.

एक म्हणजे, हात सोडला की ते मोअर बंद पडायला हवं होतं. हँडलला लागून जी आडवी दांडी दाबून धरावी लागते, ती सोडली की इंजिन थांबतं. वाटेत मुलांची खेळणी उचलायची, फोन घ्यायचा, आणि दर वेळी पुन्हा दोरी ओढायची, याला कंटाळून मी ती दांडी झिप टायने हँडलला कायमची बांधून टाकली होती. दुसरं म्हणजे, त्या नव्या डब्याच्या तोंडात आत एक जाळी होती. तिच्यामुळे पेट्रोल हळू पडायचं. विकत आणला त्याच दिवशी मी ती पकडीने उपटून फेकून दिली होती. आमच्या धंद्यात याला 'वर्कअराउंड' म्हणतात आणि असा एखादा सापडला की टीममध्ये शाबासकी मिळते.

हात बरा होईपर्यंत रात्री झोप येत नव्हती, तेव्हा मी ही दांडी आणि ही जाळी कुणी आणि का लावली ते शोधत बसलो. त्यातलं जे सापडलं ते सांगतो.

मोअरची सुरुवात कापडगिरणीत झाली. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउड गाव लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होतं. कापडावर उभे राहिलेले तंतू एकसारखे कापायला गिरणीत गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र असे. ते पाहून एडविन बडिंग या कारागिराला वाटलं, गवतही असंच कापता येईल. १८३० साली त्याने पेटंट घेतलं. यंत्र हाताने ढकलायचं, त्यात इंधनाचा प्रश्नच नव्हता. पेट्रोलवरचं मोअर विक्रीला आणलं इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने, १९०२ मध्ये. पण ती मोठमोठ्या बंगल्यांची आणि क्रिकेटच्या मैदानांची गोष्ट होती.

इंजिन सामान्य माणसाच्या अंगणात आलं ते अमेरिकेत, आणि तेही न्हाणीघराच्या वाटेने! वीज न पोचलेल्या शेतकऱ्यांच्या घरांसाठी त्या काळात छोट्या पेट्रोल इंजिनावर चालणारी धुलाई यंत्रं निघाली होती. एडविन जॉर्ज नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९१९ च्या सुमारास असंच एक इंजिन काढून गवताच्या यंत्रावर बसवलं. आपल्याकडे मोटरसायकलच्या इंजिनावर पाण्याचा पंप चालवणारे महाभाग आहेतच, त्याच जातीतलं हे डोकं.

खरा सुळसुळाट झाला दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभं राहिलं. एकसारखी हजारो घरं आणि प्रत्येकापुढे गवताचा चौकोन. घराच्या करारातच अट होती की हंगामात दर आठवड्याला गवत कापलं पाहिजे. (त्याच करारात गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहू नये असंही कलम होतं, म्हणजे आपली गवत कापायची वेळच आली नसती.) १९५३ मध्ये मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन बाजारात आणलं, आणि बाईमाणसालाही सहज ढकलता येईल असं मोअर घरोघरी पोचलं. "बाईमाणसालाही" हा शब्द हिने वाचून खाली लाल रेघ मारली आहे. राहू दे, इतिहास आहे.

बडिंगच्या यंत्रातली पाती कात्रीसारखी चालत. नव्या मोअरमध्ये एकच सपाट पातं आडवं, भोवऱ्यासारखं फिरू लागलं. अमेरिकेतल्या मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाता कामा नये. हा आकडा मी ताशी किलोमीटरमध्ये काढून पाहिला, तो साडेतीनशेच्या जवळ जातो. आणि ही मर्यादा आहे! ओलं गवत बाहेर पडायच्या तोंडाशी अडकलं की माणूस सहज हात घालून ते काढायला जातो. इंजिन चालू आहे हे त्याला माहीत असतं, पण पातं दिसत नाही.

१९७२ च्या कायद्याने अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक केंद्रीय आयोग स्थापन झाला. त्याने मोअरचा हिशेब मांडला तेव्हा पात्याने होणाऱ्या इजांचा आकडा निघाला वर्षाला सुमारे ७७,०००. बोटं, पंजे, पायाचे अंगठे. १९७९ मध्ये आयोगाने नियम जाहीर केला की हातातली दांडी सुटली की ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. कारखानदार कोर्टात गेले. १९८० मध्ये कोर्टाने एक-दोन मुद्दे बाजूला ठेवून ३ सेकंदांचा नियम उचलून धरला. त्या नियमात आणखी एक गोष्ट होती जी मला वाचताना फार लागली. आयोगाला ठाऊक होतं की दांडी सोडल्यावर इंजिनही बंद पडलं तर दर वेळी दोरी ओढायला लोक वैतागतील आणि दांडी बांधून टाकतील. म्हणून त्यांचं म्हणणं होतं की पातं थांबावं पण इंजिन चालू राहावं, नाहीतर इंजिन आपोआप चालू करायची सोय तरी असावी. हे महाग पडणार होतं. १९८१ मध्ये काँग्रेसने कायदाच दुरुस्त केला आणि इंजिन बंद पडून पुन्हा हाताने दोरी ओढायचा स्वस्त मार्ग मोकळा केला. ३० जून १९८२ पासून नियम लागू झाला तो या रूपात.

म्हणजे वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या कुणीतरी माझ्या जन्माआधीच माझी झिप टाय पाहिली होती.

आता डबा. डब्याची गोष्ट मला मोअरपेक्षा रंगतदार वाटते, आणि तिच्यात आपला हिंदुस्थानही येतो.

१९३७ साली जर्मन सैन्याने पेट्रोलसाठी २० लिटरचा पत्र्याचा एक डबा तयार केला. आजही जुन्या जीपच्या मागे दिसतो तोच. वर तीन मुठी: एका माणसाला मधली धरून भरलेला डबा नेता येतो, दोघांना कडेच्या धरून तोच डबा मिळून उचलता येतो, आणि रिकामे असले तर एका हातात दोन नेता येतात. झाकण तरफेचं, त्यामुळे पाना नको. ओतताना आत हवा जायला वेगळी नळी, त्यामुळे गुडगुड न होता सरळ धार. भरल्यावरही आत थोडी हवा राहते, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. दोन पत्रे वितळजोडाने एकत्र केलेले, त्यामुळे गळती नाही.

पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनियर तेव्हा बर्लिनमध्ये काम करत होता. १९३९ च्या उन्हाळ्यात त्याने आणि एका जर्मन सहकाऱ्याने मोटारीने थेट हिंदुस्थानात जायचं ठरवलं. गाडी तयार झाली आणि लक्षात आलं की प्यायचं पाणी ठेवायला काहीच नाही. त्या जर्मन माणसाने सैन्याच्या साठ्यातून असे तीन डबे मिळवले. वाटेत तो माघारी गेला, पण जाण्यापूर्वी डबा कसा बनवतात याची सगळी माहिती त्याने प्लाइसला दिली. प्लाइस एकटा कलकत्त्याला पोचला, गाडी तिथे ठेवून अमेरिकेला परतला आणि डब्याबद्दल सैन्याला सांगू लागला. नमुन्याशिवाय कुणी ऐकेना. मग १९४० मध्ये कलकत्त्याहून गाडी आणि डबे मागवून घेतले. ते पाहून अमेरिकन सैन्याने जी नक्कल केली तिच्यात मुठी तेवढ्या ठेवल्या. वितळजोड गेला, दुमडलेली शिवण आली. तरफेचं झाकण गेलं, पाना आणि नरसाळं लागू लागलं. आमच्याकडे याला 'रिक्वायरमेंट नीट न वाचणं' म्हणतात.

इंग्रजांचे डबे याहून वाईट होते. पातळ पत्र्याचे, चार गॅलनचे, इतके तकलादू की सैनिकांनीच त्यांना 'फ्लिम्झी' नाव ठेवलं. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तळापासून आघाडीपर्यंत जाताना जवळजवळ ३० टक्के पेट्रोल गळून किंवा उडून जातं, असा जनरल ऑकिनलेकचा अंदाज होता. त्या वाळवंटात चौथी भारतीय डिव्हिजन लढत होती, म्हणजे त्या गळक्या डब्यांशेजारी आपलेही जवान बसून प्रवास करत होते. जर्मनांचे डबे हाती लागले की इंग्रज ते जपून वापरत. जर्मनाला ते तुच्छतेने 'जेरी' म्हणत, म्हणून डब्याचं नाव पडलं जेरीकॅन. शेवटी इंग्लंडने हुबेहूब तसेच डबे लाखांनी बनवले. 

युद्ध संपलं, पत्रा गेला, प्लॅस्टिक आलं. लाल डबा पेट्रोलचा, पिवळा डिझेलचा, निळा रॉकेलचा असा इथला रिवाज. (आपल्या रेशनच्या रॉकेललाच निळा रंग घालत, ते आठवलं.) आणि इथून सुरू झाला कायद्यांचा गोंधळ. उघड्या डब्यातून उडणाऱ्या वाफेने हवा बिघडते म्हणून कॅलिफोर्नियाने २००१ पासून आणि केंद्र सरकारने २००९ पासून नव्या डब्यांवर नियम घातले. झाकण आपोआप मिटलं पाहिजे आणि हवेचं वेगळं भोक नको. २००८ च्या दुसऱ्या एका कायद्याने, लहान मुलांना उघडता येणार नाही असं झाकण सक्तीचं झालं. दोन्ही कारणं शंभर टक्के योग्य. पण बाजारात जे तोंड आलं ते दाबा, फिरवा, ढकला अशा तीन हातांचं काम मागणारं, आणि हवेची वाट बंद झाल्यामुळे गुडगुड करत भलतीकडे सांडणारं. १९३७ च्या डब्यातून सरळ धार पडत होती हे लक्षात घ्या. लोकांनी तोंडं काढून फेकली, डब्याला ड्रिलने भोकं पाडली. मीही त्यातलाच.

एवढं सगळं होऊनही आगीचा विचार या नियमांत नव्हता. डबा पेटतो कसा हे आण्णांच्या हातामुळे मला समजलं. भरलेल्या डब्यात वाफ इतकी दाट असते की तिला पेटायला हवा पुरत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेट घेते. तळाशी थोडंसं, त्यातही शिळं पेट्रोल उरलेला डबा मात्र नेमका या पट्ट्यात येऊ शकतो. बाहेरची ज्वाळा आत शिरली की तोंडातून आगीचा झोत सुटतो. आम्हाला रिकामा डबा बिनधोक वाटतो, भरलेला जपून ठेवतो. हिशेब उलटा आहे.

आणि यावरचा उपाय जुना आहे, चांगला दोनशे वर्षांचा. २५ मे १८१२ रोजी उत्तर इंग्लंडमध्ये फेलिंगच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ९२ माणसं आणि मुलं मेली. खाणीतला वायू कामगारांच्या दिव्यावर पेटायचा. हंफ्री डेव्हीला यावर काही करायला सांगितलं गेलं. १८१५ मध्ये त्याला दिसलं की ज्वाळेभोवती बारीक तारेची जाळी लावली तर ज्वाळा जाळीपलीकडे जात नाही. धातू तिची उष्णता शोषून घेतो, आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. जानेवारी १८१६ मध्ये हा दिवा खाणीत उतरला. कारखान्यांतल्या पेट्रोलच्या लोखंडी डब्यांत ही जाळी कित्येक दशकं बसवतात.

घरगुती प्लॅस्टिकच्या डब्यात मात्र ती नव्हती. भाजलेल्या लोकांनी दावे लावले की काही सेंटांची जाळी घातली असती तर हे टळलं असतं. कंपन्यांचं म्हणणं असं की लोक शेकोटीवर पेट्रोल ओततात त्याला आम्ही काय करणार. दाव्यांच्या ओझ्याखाली ओक्लाहोमातल्या मायामी गावची ब्लिट्झ ही सगळ्यात मोठी डबेवाली कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०१२ मध्ये बंद पडली. त्या गावातल्या कामगारांना काय वाटलं असेल, हेही मनात येतं. दोन्ही बाजू मला थोड्या थोड्या पटतात. अखेर डिसेंबर २०२० मध्ये कायदा झाला, आणि १२ जुलै २०२३ नंतर बनलेल्या, पाच गॅलनपर्यंतच्या प्रत्येक पेट्रोलच्या डब्यात ज्वाळा अडवणारी सोय सक्तीची झाली. डेव्हीच्या जाळीला खाणीपासून माझ्या गराजपर्यंत यायला २०८ वर्षं लागली. माझ्या गराजमध्ये ती टिकली जेमतेम पाच मिनिटं.

आता आमच्याकडे काय करतो ते सांगतो, कारण पार्टीत बरेच जण विचारतात. इंजिन बंद केल्यावर पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबतो, आणि पेट्रोल गवतावर नाही, गराजमध्ये तर नाहीच, उघड्या काँक्रीटवर भरतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत वॉटर हीटरच्या ज्योतीपर्यंत जाऊ शकते, म्हणून डबा आता मागच्या शेडमध्ये असतो. पंपावर डबा गाडीत ठेवून भरू देत नाही, जमिनीवर ठेवायला सांगतो. गाडीतल्या गालिच्यावर किंवा प्लॅस्टिकवर डब्याला स्थिर विजेचा भार साठतो आणि ठिणगी पडते. पात्याला हात लावायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढतो, आणि मोअर आडवं करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असं बघतो, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल मोअरमध्ये चालत नाही, ते मोटारींसाठी आहे. दहा टक्क्यांचं चालतं, पण तेही हिवाळाभर ठेवलं तर ओल धरतं आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट साका बसतो. म्हणून ऑक्टोबरअखेर टाकी रिकामी करतो. एकदा सवय झाली की यातलं काहीच जड जात नाही.

"बॅटरीचं मोअर का घेत नाहीस?" असंही विचारतात. कॅलिफोर्नियात २०२४ पासून बनणाऱ्या बहुतेक छोट्या पेट्रोल यंत्रांच्या विक्रीवर बंदी आली आहे. आमचंही मोडलं की बॅटरीचंच घेणार. पण ते मोडत नाही, त्याला काय करू!

आण्णा जानेवारीत परत गेले. हातावर फिकट डाग राहिलाय. गावात ते अजून सांगत होते, "माझ्या अडाणीपणानं झालं." या मे महिन्यात द्राक्षबागेत तण कापायला भावाने पेट्रोलचं कटर आणलं, आणि गडी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन चालू यंत्रात ओततात हे मला कळलं. त्या रात्री फोन करून मी आण्णांना सगळं सांगितलं. झिप टायचं सांगितलं, जाळीचंही सांगितलं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दांडी तू बांधली हुतीस व्हय? मला वाटलं तसंच आस्तंय."

"हो आण्णा. चुकलं माझं."

"बरं." पुन्हा थोडा वेळ गेला. "मी पोरांना सांगिटलंय, यंत्र बंद करून झाडाखाली बसायचं, आन् मग वतायचं. आयकत न्हाईत." मागून आई काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. "ती जाळी निराळी मिळती का रं?"

"नाही, डब्यातच बसवलेली असते."

"मग दिवाळीला येताना एक डबा आण. नवा, कोरा. आन् जाळी हाय का आत, ते बघून आण."